समारोपराव

समारोपराव तुमच्याही ओळखीत असणारच. नाव वेगळं असेल, पण परवा तुम्ही नव्या मेट्रोचं तोंडभरून कौतुक करत होतात, तेव्हा बशीतला चहा भुरकत ज्यांनी "ते ठीक आहे हो, पण ट्रामचा शेवटचा दिवस..." असं म्हणून सुस्कारा सोडला, तेच हे. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. आमचे समारोपराव तेव्हा बार्शीत दुसरीत होते. म्हणजे ट्राम त्यांनीही पाहिलेली नाही, पण सुस्काऱ्याला पुरावा लागत नाही.

या माणसाला चालू गोष्टींत रस नाही. उद्घाटन, शुभारंभ, पायाभरणी, बारसं, यातलं काहीही सांगा, त्यांचा चेहरा पडतो. काहीतरी बंद होतंय म्हणा, लगेच इस्त्रीचा शर्ट चढतो. 2013 च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली. शेवटच्या रात्री समारोपराव तार ऑफिसच्या रांगेत दोन तास उभे होते. तार पाठवली कोणाला? वहिनींना. त्या रांगेत त्यांच्याच मागे उभ्या होत्या. "एवढं काय लिहिलंत?" असं विचारलं तर म्हणाले, "पोचल्यावर वाच." दुसऱ्या दिवशी तार पोचली. 'सुखरूप आहे' एवढाच मजकूर.

ग्रँट रोडचं एक जुनं इराणी हॉटेल 2014 मध्ये बंद होणार म्हणून गवगवा झाला, तेव्हा हे पहाटेच जाऊन मावा केक घेऊन आले. घराघरांत अर्धा अर्धा वाटला, अगदी तेराव्याच्या गांभीर्याने. पुढे काही दिवसांतच ते हॉटेल पुन्हा उघडलं. सारा ग्रँट रोड आनंदला. समारोपराव मात्र फसवणूक झाल्यासारखे हिंडत होते. "एकदा जातो म्हटल्यावर माणसाने जावं," हे त्यांचं मत. तिथे त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

आमच्या स्टेशनसमोर कपड्यांचं एक दुकान आहे. 'दुकान खाली करणे आहे' हा फलक तिथे इतकी वर्षं लटकतोय की त्याला दोनदा नवा रंग दिला गेला. समारोपराव दर दिवाळीला तिथे जातात, मालकाचा हात हातात घेतात, "मग, कधी?" असं हळूच विचारतात आणि दोन शर्ट घेऊन येतात. मालकही डोळे पुसल्यासारखं करतो. धंदा त्याला कळतो.

"कधी बंद होतंय?" हा त्यांचा प्रश्न आमच्या सोसायटीत इतका मुरलाय की लिफ्टच्या दुरुस्तीवाल्यालाही आता नवल वाटत नाही.

अशा माणसाबरोबर जपानला जाण्याचा योग माझ्या पत्रिकेत होता. त्यांचा भाचा टोकियोत निशि-कासाईला राहतो. तिथे आपले लोक इतके आहेत की कोपऱ्यावर कोणी "काय, कधी आलात?" म्हटलं तरी दचकायचं कारण नाही. 2018 च्या ऑक्टोबरात मामा-मामींना त्याने बोलावलं, आणि "यांना सांभाळायला आणखी एक माणूस हवं" म्हणून वहिनींनी मला ओढलं. समारोपराव यायला तयार झाले ते एकाच कारणाने. जपानमध्ये दरवर्षी मार्चमध्ये रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि त्या वेळी जुन्या गाड्या, ओस पडलेली स्टेशनं रीतसर निवृत्त होतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तारीख महिने-महिने आधी जाहीर होते. शेवटच्या गाडीला निरोप द्यायला फलाटावर माणूस मावत नाही, स्टेशनमास्तर कमरेत वाकून नमस्कार करतो. तिथल्या रेल्वेवेड्यांमध्ये निव्वळ गाड्यांच्या अंत्ययात्रेला जाणाऱ्यांची एक वेगळी जातच आहे. आपलं गोत्र थेट जपानात निघावं, याचा समारोपरावांना काय अभिमान!

भाचा उत्साही. त्याने आम्हांला बसवलं 'तोरेइयु त्सुबासा'त. फुकुशिमाहून यामागाता ओलांडून शिंजोपर्यंत जाणारी ही सहा डब्यांची शिंकान्सेन. दुसऱ्या मार्गावरची जुनी गाडी नव्याने सजवून 2014 च्या जुलैत ती सुरू केलेली. पोचायची घाई असलेल्यांनी तिच्यात बसूच नये. 11 क्रमांकाच्या डब्यात साधी आसनं, पुढच्या तीन डब्यांत तातामीच्या, म्हणजे जपानी चटयांच्या बैठका आणि मधे लाकडी टेबलं, पंधराव्यात यामागाताची साके आणि फळांचे रस देणारा बार. आणि सोळाव्यात स्नान. अंग बुडवायचं नाही, फक्त पाय, पोटरीपर्यंत. आपल्याकडे दारात आलेल्याला पाय धुवायला पाणी देत, तसंच काहीसं, फक्त हे दार ताशी 130 किलोमीटरपर्यंत पळणारं. तिकीट काढायचं, टॉवेल घ्यायचा, खिडकीकडे तोंड करून काठावर बसायचं आणि गरम पाण्यात पाय सोडून डोंगर बघायचे. पंधरा मिनिटं.

वहिनी तर हरखूनच गेल्या. समारोपराव मात्र गाडीत शिरल्यापासून खट्टू. मी विचारलं, "का हो?" तर कानाशी येऊन म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे."

खरंच होती. डबे भरलेले, पोरं तातामीवर लोळत होती, आजीबाई डबे उघडून बसल्या होत्या, बारपाशी भर सकाळी साकेची छोटी रांग. मरणकळा कुठेच नाही. तरी समारोपरावांनी हार मानली नाही. गणवेशातल्या मुलीला थांबवून त्यांनी भाच्याला सांगितलं, "विचार, ही कधी बंद होतेय?" भाच्याने जपानीत काहीतरी लांबलचक म्हटलं. मुलगी आनंदाने लाल झाली, दोनदा वाकली आणि तिने मामांना यामागाताच्या चेरीचं चित्र असलेलं कार्ड दिलं. "काय म्हणाली?" "म्हणाली, तुम्हांला गाडी इतकी आवडली याबद्दल फार आभार." बिचारा भाचा पंधरा वर्षं टोकियोत नोकरी करतोय, कुठल्या प्रश्नाचं काय करायचं ते त्याला बरोबर कळतं.

फुकुशिमा सोडल्यावर गाडी इताया घाटाला लागते. हजार मीटरला 38 मीटर चढ. आपल्या बोरघाटातला सगळ्यात खडा चढ सदतिसास एक. हा जवळपास सव्विसास एक. पूर्वी बोरघाटात गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात जाऊन उलटी फिरायची, 1929 मध्ये ते बंद झालं. इतायात तर लागोपाठ चार स्टेशनांवर गाडीला पुढे-मागे करत चढावं लागे. "चार?" समारोपराव प्रथमच ताठ बसले. "कधी बंद झालं?" 1990 च्या सुमारास, भाचा म्हणाला. समारोपरावांच्या चेहऱ्यावर अठ्ठावीस वर्षं उशीर झाल्याचं दुःख. त्या चारांतल्या तोगे स्टेशनवर अजून लोकलगाडी आली की एक माणूस गळ्यात खोका अडकवून ताज्या मोचीची, म्हणजे तांदळाच्या मऊ गोळ्यांची आरोळी देत फलाटावर फिरतो. शंभराहून जास्त वर्षं हा धंदा चालू आहे. आमची गाडी तिथे थांबली नाही. समारोपराव खिडकीला नाक लावून बसले होते. "एवढी वर्षं? मग आता फार दिवस नाही राहायचा," ते म्हणाले, जरा आशेने.

मग आमची पाळी आली. पँटी गुडघ्यापर्यंत गुंडाळून आम्ही तिघं ओळीने बसलो. लाल हौद. भाचा म्हणाला, हा रंग बेनिबानाचा, म्हणजे आपल्या करडईच्या फुलाचा. यामागाताचं राज्यफूल. पूर्वी इथल्या फुलांचा रंग मोगामी नदीतून निघून थेट क्योतोच्या रेशमापर्यंत जायचा. समारोपराव पाण्यात पाय हलवत म्हणाले, "फुलं पहाटेच खुडत असतील." भाचा चकित. "हो! दव असेपर्यंत काटे मऊ असतात म्हणून. तुम्हांला कसं माहीत?" "आमच्याकडे करडई काय वेगळी आहे? उन्हं चढली की हात लावता येत नाही. आमची आई पहाटे जायची कापणीला." मग वहिनींनी करडईच्या कोवळ्या पानांची भाजी कशी करायची हे भाच्याला सांगितलं. त्या फुलाचा रंग पूर्वी आपल्याकडेही काढत, पण आपण शेवटी धरून ठेवलं ते बी गाळून तेल काढणं, एवढाच फरक.

बाहेर घाट संपून भातशेतं लागली होती. भाचा माहिती देतच होता. ही मुळात साडेतीन फुटी रुळांची लाईन, शिंकान्सेन आणायची म्हणून रूळ उखडून 1435 मिलिमीटरचे टाकले, 1992 मध्ये यामागातापर्यंत, 1999 मध्ये शिंजोपर्यंत. म्हणून तर इथे बुलेट ट्रेनला रस्त्याचं फाटकही लागतं.

"आमचे अडीच फुटी होते," समारोपराव म्हणाले.

बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये सुरू केलेली, कुर्डुवाडीहून बार्शीला, मग पंढरपूर, लातूर, मिरज. आषाढीला टपावर माणसं. समारोपरावांच्या वडिलांनी, आप्पांनी, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून हयात घालवली. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तारेची, ट्रामची, मावा केकची कथा शंभरदा ऐकवणाऱ्या या माणसाने बार्शी लाईटचा एकदाही विषय काढला नव्हता.

"मग शेवटच्या गाडीला गेला असाल," मी म्हटलं.

"नाही." पाणी वळणावर एका बाजूला कललं, त्यांच्या पँटीचं टोक भिजलं, ते त्यांनी पाहिलं नाही. "ऑडिट होतं बँकेत. ब्रॉडगेज होणार, होणार, असं लहानपणापासून ऐकत होतो, कोण लक्ष देतो? पुढच्या सुट्टीत गेलो तर रूळ काढून झाले होते. आप्पांना म्हटलं, एक फोन करायचा. ते म्हणाले, तुला काय त्याचं, तू मुंबईचा."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांना सगळं ठाऊक असावं. त्यांनी फक्त टॉवेल पुढे केला. मघाची मुलगी आली, वाकली, घड्याळाकडे हात केला. समारोपरावांनी भाच्याकडे पाहिलं. "बंद?" "मामा, आपली पंधरा मिनिटं झाली." ते इतक्या समाधानाने उठले की काय सांगावं.

तो माणूस बदलला, असं मात्र समजू नका. शिंजोला उतरल्याबरोबर त्यांनी स्टेशनबाहेरच्या नूडलवाल्याला तोच प्रश्न विचारला.

पुढची गंमत अशी. 6 मार्च 2022 ला 'तोरेइयु त्सुबासा' कायमची बंद झाली. रीतसर, आधी जाहीर करून. त्या वेळी करोनामुळे जपानने परदेशी पर्यटकांना दारं लावली होती. ज्या देशात निरोपाचं एवढं शास्त्र, तिथला आयुष्यात एकदा येणारा हक्काचा समारोप, आणि समारोपराव डोंबिवलीत! भाच्याने व्हिडिओ पाठवला. मी मुद्दाम भेटायला गेलो, म्हटलं धीर देऊ. हे तर खुशीत. व्हिडिओ त्यांनी उघडलाही नव्हता.

"अहो, तिच्यात आपण बसलोय," ते म्हणाले. "चालू असताना!"

तेव्हापासून त्यांच्या सुस्काऱ्याची जात बदलली आहे, हे मी कुरकुरत का होईना, मान्य करतो. आता कोणी जपानला निघालं की ते पायस्नानाचं वर्णन सुरू करतात. हौदाचा रंग, पाण्याची वळणं, चेरीचं कार्ड, सगळं. समोरचा वहीत नाव टिपून घेतो, तिकीट कुठे मिळतं विचारतो, आणि मग हे शांतपणे म्हणतात, "बंद झाली." त्या क्षणी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. 15 सप्टेंबर 2023 ला बेस्टच्या जुन्या डबलडेकरने मुंबईचा निरोप घेतला, तेव्हाही हे हार घेऊन हजर होते. फक्त या वेळी आदल्या आठवड्यातही दोनदा जाऊन आले, नुसतेच, वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत बसायला. वहिनी सोबत होत्या.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या गावात एखादी एसटीची फेरी, टुरिंग टॉकीज, पिठाची गिरणी, खानावळ, काहीही बंद होणार असेल, तर तुमच्या ओळखीतल्या समारोपरावांना वेळेवर कळवा. आठवडाभर आधी कळवलंत तर उत्तम, आदल्या दिवशीही चालेल. बंद झाल्यावर कळवू नका. आणि उद्घाटनाच्या पत्रिका पाठवण्यात पोस्टाचा खर्च करू नका, ते येणार नाहीत.