लाल दिवा लागलाय का?

आमच्या कंपूत गाडी पळवणारे बरेच, कॅमेरा लावणारा मी एकटा. या पदावर मला कुणी नेमलं नाही. पण ज्याला शेजारच्या सीटवर बसलं की दुसऱ्याच वळणाला मळमळतं आणि ज्याच्या खिशात कायम एक बारका स्क्रूड्रायव्हर असतो, त्याच्या गळ्यात हे काम आपोआप पडतं. बाकीची मंडळी हौशी. एक दातांचे डॉक्टर, एक बिल्डर (आम्ही त्याला शेठ म्हणतो, बँका काय म्हणतात ते तो सांगत नाही), एक कॉलेजात गणित शिकवणारे सर, आणि नोकरीसाठी जर्मनीला जाईपर्यंत माझा भाचा. एरवी वर्षभर ही माणसं सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरमध्ये रांगतात. पुण्याबाहेर कुठल्याशा माळावर ऑटोक्रॉस आहे असं कळलं, की पहाटे पाचला हेल्मेट काखोटीला मारून हजर.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडून वेडावाकडा मार्ग आखायचा आणि त्यावर एका वेळी एक गाडी सोडायची. शर्यत घड्याळाशी. शंकू पाडला तर वेळेत सेकंद वाढतात, मार्ग चुकला तर फेरीच बाद. गाडी आपली नेहमीचीच, मुलांना शाळेत सोडणारी. फक्त मागची चटई, छत्री आणि वहिनींच्या चपला काढून ठेवायच्या. दीड-दोन मिनिटांत सगळं आटोपतं. त्यासाठी सकाळपासून उन्हात रांग. मग त्या दीड मिनिटाचं चित्रीकरण हवंच, कारण पुढे वर्षभर दाखवायचं काय?

कॅमेरा कुठे लावायचा हा प्रश्न आमच्याकडे कायमचा लोंबकळतोय. शेठला तो बाहेर हवा, पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिथून साठचा वेग दीडशेचा वाटतो, हे त्याचं म्हणणं चुकीचं नाही. रस्ता जितका जवळून सरकतो तितका तो पळतोय असं वाटतं. अडचण एवढीच, की मातीचा ट्रॅक असला की पहिल्याच वळणाला भिंगावर धुळीचा थर बसतो आणि पुढचा सगळा वेळ तांबूस अंधारात इंजिन ओरडत राहतं. शेठ तेही पाहुण्यांना शेवटपर्यंत दाखवतो. सरांना कॅमेरा छतावर हवा, म्हणजे भूमिती नीट कळते. डॉक्टरांना तो डॅशबोर्डवर, स्वतःकडे तोंड केलेला हवा, कारण हेल्मेट आणि हातमोजे एकाच निळ्या रंगाचे घेतलेत.

माझ्या मते जागा एकच. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, हेडरेस्टच्या दांड्यांना आडवी नळी आवळायची आणि तिच्यावर कॅमेरा. तिथून हात दिसतात, स्टिअरिंग दिसतं, गिअर दिसतो, समोरचा रस्ता दिसतो. सगळं दिसतं, आणि म्हणूनच ही जागा कुणाला पसंत नाही.

काचेवर चिकटवायचा रबरी चोषक हे स्वतंत्र प्रकरण. काच पुसून, कोरडी करून, अंगठ्याने हवा दाबून काढून, खटका ओढून तो बसवायचा असतो. डॉक्टर त्यासाठी दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस घेऊन येतात आणि काच अशा निगुतीने पुसतात की मला उगाच आ वासावासा वाटतो. एवढं करून चोषकाचा भरवसा नाहीच. उन्हात काच तापते, कडेने हवा शिरते, आणि ऐन वळणात ते धूड सुटून ड्रायव्हरच्या मांडीवर येतं. म्हणून स्क्रुटिनीला, म्हणजे गाडीच्या तपासणीला, जाणकार अधिकारी दोन गोष्टी बघतातच: कॅमेऱ्याला दुसरी सुरक्षा-दोरी आहे का, आणि कुणी तो हेल्मेटवर तर चिकटवलेला नाही ना. एकदा एका अधिकाऱ्याने कॅमेऱ्याला धरून जोरात हिसका दिला. माझी जोडणी तसूभर हलली नाही. शेठच्या डॅशबोर्डचा अख्खा वरचा तुकडा मात्र अधिकाऱ्याच्या हातात आला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, शेठकडे दिला आणि म्हणाला, "कॅमेरा पास. गाडीचं बघा."

पण खरी पंचाईत घरी जाऊन चित्रीकरण लावल्यावर होते. हे चिमुकले कॅमेरे मुळात खेळाडूंसाठी निघाले. निक वुडमनने 2004 साली बाजारात आणलेला पहिला गोप्रो तर चक्क 35 मिमी फिल्मचा होता, लाटांवर स्वार होणाऱ्यांनी मनगटाला बांधायचा. त्यांची भिंगं रुंद, एका नजरेत सगळा परिसर घेणारी. या रुंदीपायी मधला भाग आकसतो, समोरचा शंकू आहे त्यापेक्षा लांब दिसतो आणि तो येता येत नाही. गाडीत बसलेल्या माणसाचं काळीज तोंडात आलेलं असतं. पडद्यावर गाडी पार्किंगची जागा शोधत असल्यासारखी दिसते. डॉक्टरांनी त्यांची गाजलेली फेरी पहिल्यांदा घरी लावली तेव्हा आम्ही सगळे होतो. वहिनी चहाचा ट्रे घेऊन मध्येच थबकल्या, थोडा वेळ बघितलं आणि खऱ्या कुतूहलाने विचारलं, "भावजी, हे स्लो मोशनमध्ये केलंय का?"

डॉक्टरांनी आवाज वाढवला. त्याने काही फरक पडला नाही.

चढ-उतारांचंही तसंच. भाच्याने जर्मनीत पोचल्या पोचल्या न्यूर्बुर्गरिंगची जुनी वाट गाठली. नॉर्डश्लायफं, 20.8 किलोमीटर, डोंगरातून जाणारी. पैसे भरून कुणालाही आपली गाडी घालता येते. पर्यटकांच्या फेऱ्यांत चित्रीकरणाला तिथे मनाई आहे, आणि जगातल्या सर्वांत जास्त बघितल्या जाणाऱ्या हौशी फेऱ्या तिथल्याच आहेत. यावर जर्मन शिस्तीचे भक्त काय म्हणतात ते मला ऐकायचंय. भाचा नियम पाळून नुसता चक्कर मारून आला आणि दुसऱ्या कुणाची तरी फेरी ताईला दाखवत बसला. "आई, इथे सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या जागेत जवळजवळ तीनशे मीटरचा फरक आहे, पोटात गोळा येतो." ताईने चष्मा लावून बघितलं. पडद्यावर रस्ता सपाट. "गोळा जेवणाने आला असेल," ती म्हणाली. "वेळेवर जेवतोस ना?"

आवाजाच्या बाबतीत शेठची तक्रार वेगळी. त्याची गाडी डिझेल, आणि ती कितीही पिळली तरी डिझेलच वाटते. एके दिवशी तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "चित्र माझं ठेव, आवाज फेरारीचा टाक. कुणाला कळतंय?" त्याला वाटलं मी खवळेन. पण या पापाला फार प्रतिष्ठित पूर्वज आहे. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद ललूशने 1976 साली भल्या पहाटे गाडीच्या पुढच्या भागाला कॅमेरा बांधला आणि सिग्नल तोडत अख्खं पॅरिस पालथं घातलं. एकही काट नसलेली आठेक मिनिटांची ती फिल्म. शेवटी गाडी मोंमार्त्रच्या टेकडीवर थांबते. लोक वर्षानुवर्षं फेरारीचा तो आवाज ऐकून धन्य होत होते. पुढे ललूशनेच सांगितलं की गाडी होती मर्सिडीज. फेरारीचा आवाज नंतर चढवला. मी शेठला हे सांगितलं आणि बजावलं, की तुझ्या फेरीत फेरारी घातली तर ती तीन गिअर बदलेल तेव्हा तुझा हात एकदा हलेल. तेव्हापासून हात न दिसणारी जागा हवी, या मागणीला आणखी जोर आला.

कॅमेरा आत असला की आवाजाची वेगळीच गंमत होते. बाहेर नुसती वाऱ्याची फडफड येते. आत सगळं ऐकू येतं. शेठची फेरी घरच्यांना दाखवण्याजोगी करायची तर बोललेलं सगळं कापावं लागतं, आणि मग मागे फक्त सीटबेल्टची टिणटिण उरते. सर आकडे पुटपुटतात. सर्वांत भारी डॉक्टर. बाथर्स्टच्या 1979 च्या शर्यतीत ऑस्ट्रेलियन टीव्हीने पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकात कॅमेरा बसवला होता आणि तो भर शर्यतीत समालोचकांशी गप्पा मारत होता. आमच्या डॉक्टरांना समालोचक लागत नाही. हेल्मेटच्या आतून, समोर शंकूंची रांग आणि पाय ब्रेकवर गच्च, असे असताना त्यांच्या तोंडून अत्यंत मऊ आवाजात येतं, "घाबरायचं नाही... अजिबात दुखणार नाही... थोडंसंच राहिलंय... हं... झालं, झालं." मग धाडकन शंकू पडल्याचा आवाज. मग क्षणभर शांतता, आणि "चूळ भरा."

हे ते बोलतात याची त्यांना कल्पनाच नव्हती. मी ऐकवल्यावर म्हणाले, "डब केलंयस तू."

मद्रासच्या ट्रॅकवर, म्हणजे श्रीपेरुंबुदुरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, आम्ही एकदा सगळे शिकायला गेलो होतो. 3.7 किलोमीटरचा डांबरी ट्रॅक, आणि हवा अशी की कॅमेऱ्यांनीच आधी मान टाकली. पडद्यावर तापमापकाचं चित्र दाखवून एकेक बंद. तिथल्या प्रशिक्षकाने आमची सगळी सामग्री पाहिली आणि सरळ विचारलं, पायांवर कॅमेरा कोणता आहे? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग त्याने स्वतःच एक कॅमेरा स्टिअरिंगखाली, पेडलांकडे वळवून लावला, शेजारी छोटा दिवा चिकटवला. संध्याकाळी शेठ सांगत होता की अमुक वळण तो पाय न उचलता मारतो. प्रशिक्षक काही बोलला नाही. त्याने फक्त चित्र थांबवलं. शेठचा उजवा पाय ब्रेकवर होता. डावाही ब्रेकवर होता. क्लचवर कुणीच नव्हतं.

त्या एका दिवसात सगळ्यांच्या वेळा सुधारल्या, हे कबूल करायला हवं. पुण्याला परतल्यावर पायांवरच्या कॅमेऱ्याचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही. मी काढला तर "खालचा दिवा डोळ्यांवर येतो" असं उत्तर मिळतं.

आता त्या लाल दिव्याबद्दल. कॅमेरा चालू झाला की बारीकसा लाल दिवा लुकलुकतो. सुरुवातीच्या रेषेपाशी गाडी येते, मी कॅमेरा चालू करून, दिवा बघून, दार लावून बाजूला होतो. आत ड्रायव्हर एकटा. हेल्मेटमुळे मान वळत नाही, दिवा दिसत नाही, छातीत धडधड. त्याला वाटतं, लागलाय ना? खात्री करायला तो बटण दाबतो. कॅमेरा बंद. फेरी संपते, गाडी थांबते, सुटकेच्या भरात पुन्हा दाबतो. कॅमेरा चालू. अशा रीतीने आमच्याकडे रांगेत उभ्या गाडीचं, मार्शलच्या पाठीचं, सरबताच्या गाडीचं आणि वडापाव खाणाऱ्या डॉक्टरांचं तासन्‌तास उत्तम प्रतीचं चित्रीकरण जमा आहे. एकात, मी दूर गेलो असताना, शेठचा आवाज आहे: "कॅमेरा लावायला फार वेळ खातो हा." त्यावर डॉक्टरांचा: "जाऊ दे रे. फुकट करतो." हा तुकडा मी वेगळा जपून ठेवलाय, शेठचा साठावा वाढदिवस जवळ येतोय.

फेरी अशी हुकली की मी त्यांना फ्रांस्वा एस्नोची गोष्ट सांगतो. 1985 च्या जर्मन ग्रां प्रीत रेनोने केवळ आत कॅमेरा बसवून शर्यत दाखवता यावी म्हणून एक जादा गाडी उतरवली, ती यानेच चालवली. आठ फेऱ्यांत क्लच गेला. कॅमेरा शाबूत, गाडी बाद. आपल्याकडे निदान गाडी तरी शेवटपर्यंत पोचते. डॉक्टर म्हणतात, याने समाधान होत नाही.

कारण त्यांना त्यांच्या गटात तिसरा क्रमांक मिळाला तीच फेरी चित्रित झाली नाही. चषक आहे, प्रमाणपत्र आहे, पण बघायला काही नाही. मग पुढच्या खेपेला त्यांनी एकदाचं माझं ऐकून कॅमेरा मधोमध लावू दिला. बटणावर मी चिकटपट्टी मारली. एक मात्र त्यांनी हट्टाने करायला लावलं: खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणून स्टॅबिलायझेशन चालू. मी सांगून पाहिलं, की गाडीत पक्का आवळलेला कॅमेरा असला की ते बंद ठेवायचं. कॅमेरा बाहेरचं जग स्थिर धरू पाहतो आणि मग गाडीचं अंतरंग, म्हणजे डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि त्यावरचे हात, हे सगळं थरथरायला लागतं. पण पैसे मोजलेल्या सोयी वापरायच्या नाहीत हे पुणेरी मनाला पटत नाही.

चित्रीकरण झालं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. डॉक्टरांनी ते हौसेने दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवर लावलं, आवाज बंद करून, दिवसभर फिरतं. वर पट्टी: आपले डॉक्टर. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. रूट कॅनॉलसाठी आलेल्या एका आजोबांनी अर्धा तास ते निळे हात बघितले आणि रिसेप्शनवरच्या मुलीला हळूच विचारलं, इथे दुसरे कुणी डॉक्टर बसतात का.

"पुढच्या रविवारी बंपरला लाव," डॉक्टर म्हणाले. "धूळ उडाली तरी चालेल."