विमानातले साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंचा ई-रीडर तीन वर्षं विमानात होता. तसा तो टीपॉयवर, चहाच्या कपाशेजारीच असायचा; पण एअरप्लेन मोड बंद करायची घरात कुणाची छाती नव्हती. ‘वाय-फाय दिसलं की अपडेट येतं, अपडेट आलं की जेलब्रेक जातं!’ हे त्यांचं संध्यावचन. जेलब्रेक म्हणजे कंपनीनं यंत्राला घातलेलं कुलूप फोडणं.

असा एक साडू हल्ली घरोघरी असतो. २००७ साली पहिलं किंडल आलं ते वाचण्यासाठी, असा भाबड्यांचा समज. साडूभाऊंच्या मते असलं यंत्र मुळात फोडण्यासाठी असतं. त्यांनी त्यात कोओरीडर हा बाहेरचा वाचन-प्रोग्राम बसवला, पीडीएफचे समास कापले, मराठीचे सात फाँट घातले आणि झोपलेल्या पडद्यावर विठोबा उभा केला. कोबो या दुसऱ्या ई-रीडरवाल्यांची त्यांना कीव येते. कोबोवर कोओरीडर टाकायला जेलब्रेक लागतच नाही. ‘कुलूपच नसलेल्या घरात शिरण्यात कसली मर्दुमकी?’

अपडेट उतरायला जागाच मिळू नये म्हणून त्यांनी मेमरी बिनकामाच्या फायलींनी ठासून भरली. पाहुण्यांनी मुक्काम करू नये म्हणून घरभर गाद्या रचून ठेवाव्यात, तशी. १६ जीबीतले जेमतेम २० एमबी उरले.

“मग पुस्तकं?” मी विचारलं.

“मावतं की एखादं. बारीकसं.”

दिवाळीत आमची कन्या मावशीकडे राहायला गेली. तिला गोष्टीचं पुस्तक हवं होतं. तिनं सगळ्या गाद्या झटकल्या, विमान उतरवलं आणि यंत्र रात्रभर चार्जिंगला लावलं. सकाळी पडद्यावर विठोबा नव्हता.

“फॅक्टरी रीसेट मारतो, सगळं पूर्ववत होईल!” साडूभाऊ ओरडले. रीसेट म्हणजे खोलीतलं सामान बाहेर काढणं आणि फर्मवेअर म्हणजे भिंती. सामान काढलं म्हणून भिंती जुन्या होत नाहीत, हे ज्ञान आम्हांला त्यांनीच जेवणाच्या पंगतीत वाढलं होतं. पण ऐन दुःखात ब्रह्मज्ञान कुणाला आठवतं? उरलीसुरली पुस्तकं गेली, कोओरीडर गेला, सातही फाँट गेले. भिंती मात्र नव्याच राहिल्या, आणि ज्या फटीतून साडूभाऊ आत शिरले होते ती अपडेटनं लिंपून टाकलेली.

आठवड्यानं आम्ही समाचाराला गेलो. बघतो तर साडूभाऊ सोफ्यावर मांडी घालून चक्क वाचत होते! चष्मा नाकावर, बोट पडद्यावर, चहावर साय.

“दोन दिवस झाले, खाली ठेवलेलं नाही,” मेव्हणी कौतुकानं कुजबुजली.

मी हळूच डोकावलो. यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका होती.

“निम्मी झाली,” मान वर न करता साडूभाऊ म्हणाले, “कुठंतरी फट ठेवलीच असेल हो त्यांनी.”