ताई, ह्यात जीएसटीचं कुठलं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासला एक्सेल शिकायला गेलो. बाक नव्हते, खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. ताईंनी सुरुवातीलाच सांगितलं, ‘मी तुमची शिक्षिका नाही, सहप्रवासी आहे.’ या प्रवासाचं भाडं मात्र आम्हीच भरलं होतं.

मग चेहऱ्यांची कार्डं वाटली. आत्ता कसं वाटतंय, ते कार्ड उचलायचं. शेजारी मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवरचे दिवाणजी होते. त्यांनी सगळी कार्डं उलटीपालटी करून विचारलं, ‘ताई, ह्यात जीएसटीचं कुठलं?’

मी व्हीलुकअप कसं लावायचं, ते विचारलं. ताई हळुवारपणे म्हणाल्या, ‘काका, हा प्रश्न नेमका कुठून येतोय?’ म्हटलं, दुसऱ्या शीटमधनं. त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

पुढे डोळे मिटून आपल्यातल्या लहान मुलाला भेटायचं होतं. दिवाणजींनी मिटलेले डोळे चहा येईपर्यंत उघडले नाहीत.

या थाटाचं एक मूळ अमेरिकेत आहे. मानसोपचारात हयात घालवलेल्या कार्ल रॉजर्स यांनी १९६९ साली ‘फ्रीडम टु लर्न’ लिहिलं. शिक्षकाने डोक्यात कोंबू नये, शिकणाऱ्याला वाट मोकळी करून द्यावी, असा त्यांचा आग्रह. बरोबरच आहे. पण रॉजर्सपासून राजारामपुरीपर्यंत येताना शिकणाऱ्याचा कुणीतरी पेशंट करून टाकला.

आमच्या गावाला याची सवय नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंड भरताना कसं वाटतंय, याची कार्डं नव्हती.

त्यापेक्षा सरकारी साक्षरता वर्ग बरे. ‘उल्लास’मध्ये प्रौढांची १५० गुणांची चाचणी असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. गुण कमी पडले तर नापास म्हणत नाहीत, ‘सुधारणा आवश्यक’ म्हणतात. बोलतात गोड, पण आजीबाईंना बेरीज करायला लावतातच.

आमच्याकडे शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आला. इथे सुरक्षित वाटलं का? वाटलं. मोकळं होता आलं का? आलं. आणखी काही? तिथे मी ‘व्हीलुकअप’ लिहिलं.

प्रमाणपत्र जागेवरच मिळालं. मला एक्सेल उत्तम येतं, असं त्यात लिहिलंय.