हाऊ घोडा लगीनना शे!

आमच्या दाजींच्या आजोबांनी सातपुड्यात वाघ मारला होता. निदान दाजी तरी तसं सांगतात. तो वाघ दर दिवाळीला वीतभर वाढतो. दाजींच्या स्वतःच्या वाट्याला मात्र १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. बंदुकीच्या जागी हातभर लेन्सचा कॅमेरा आला, पण मिशा, खाकी टोपी आणि "शिकारीला निघालो" हे वाक्य त्यांनी सोडलं नाही. ताईनेही आता समजूत घालणं सोडलंय.

तर दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याला होतो. तापीकाठचं एकमुखी दत्ताचं देऊळ आणि तिथला घोडेबाजार ही शहादा तालुक्याची शान. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे; मालकांच्या गळ्यातल्या साखळ्यांपेक्षा घोड्यांच्या गळ्यातले दागिने भारी. इथे गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग अंगावरचे भोवरे. देवमण नेमका जागेवर असेल तर किंमत चढते, अशुभ भोवरा निघाला की बोलणी तिथेच संपतात. ओळखीच्या एका भाऊंनी नुकताच घेतलेला नुकरा दाजींनी असाच तपासला. दात झाले, भोवरे झाले, चाल झाली. "ह्याच्यावर बसून तोरणमाळच्या बाजूला जाऊ. अस्वल नाही तर निदान भेकर तरी टिपतो."

रानात दिसू नये म्हणून अंगात खाकी, आणि बसायला दोन डोंगरांवरून दिसेल असा पांढरा घोडा! पण दाजींना हे सांगणार कोण?

भाऊंनी घोडा टेम्पोतून राणीपूरपर्यंत पोचवला. तोरणमाळ वर, सुमारे ११५० मीटरवर. डांबरी घाट तिकडे वळणं घेत जातो. आम्ही तो सोडून पाड्यांच्या वाटेला लागलो. दाजी घोड्यावर, मी आणि भाऊ पायी. वरून व्याख्यान चालू होतं. विषय जेम्स आउट्रम. ह्या साहेबाने १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली; ज्यांना पकडायचं त्यांच्याच बरोबर शिकार करून त्याने त्यांचा विश्वास मिळवला. "तेव्हाची माणसं घोड्यावरच जन्मायची," दाजी म्हणाले आणि फांदी चुकवायला वाकले. कोलकात्यात आउट्रमचा पुतळा आहे. मागचा पाय रोवून आवरलेला घोडा, खोगिरात मागे वळलेला साहेब, आणि डोक्यावर टोपी नाही. दाजींना तो पुतळा फार आवडतो.

पुढच्या पाड्यावर ढोल वाजला.

पावरा मंडळींचा ढोल म्हणजे साधं काम नव्हे. पहिला ठोका पोटात बसतो, दुसरा समोरच्या टेकडीवरून परत येतो. नुकरा थबकला. त्याने कान टवकारले, मान बाकदार केली आणि पुढचा उजवा पाय असा काही उचलला की माझ्या लक्षात सगळं आलं. मग डावा. मग दोन्ही. बैल जुंपता येऊ नयेत अशा त्या उतारावर तो जागच्या जागी तालात नाचू लागला.

"लगाम ओढा!" मी ओरडलो.

दाजींनी ओढला. शिकवलेल्या घोड्याला तो इशारा पुरला. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला. क्षणभर दाजी हुबेहूब आउट्रम दिसले. टोपीसुद्धा त्याच वेळी गेली. त्यानंतर साहेब खोगिरात राहिला असेल, दाजी तुरीत गेले.

"भाऊ, हे काय?" तुरीतून आवाज आला.

"दाजी, हाऊ घोडा लगीनना शे, शिकारना नही," भाऊ शांतपणे म्हणाले. "ढोल वाजना का तो नाचस."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही भोवरा ईचारात. नाचस का, हाई कोठे ईचारं?"

पाड्यावरची माणसं धावत आली. दाजींना काही झालं नव्हतं, तुरीचं मात्र झालं होतं. त्याचे पैसे दाजींनी निमूट दिले. घेताना शेतमालक आजींनी पांढरा घोडा पाहिला, मिशा पाहिल्या आणि आपुलकीने विचारलं, नवरी कुठल्या गावची?

गळ्यातल्या कॅमेऱ्याचं बटण पडताना दाबलेलंच राहिलं होतं. त्यात आकाशाचे, घोड्याच्या पोटाचे आणि तुरीच्या शेंगांचे फोटो निघाले. भेकर एकही नाही. ढोल ऐकून ती केव्हाच शहाणपणाने पांगली असणार.

पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला जरूर जा. घोडा पसंत पडला, तर दात आणि भोवरे सावकाश बघा. पण बयाणा देण्याआधी कुणाला तरी जवळ उभं करून ढोल वाजवायला सांगा. आणि त्या वेळी घोड्यावर स्वतः बसू नका, मालकालाच बसवा.