बाजार त्यांचा, मोरी आमची

साजगावच्या विठोबाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात, यात देवाचा काही दोष नाही. कार्तिकी एकादशीपासून ताकईला त्याच्या देवळापाशी पंधरवडाभर जी यात्रा भरते, तिच्यात घोंगड्या, मिठाई, पाळणे सगळं असतं. पण नाव झालं ते सुक्या मासळीने. पंढरपूर लांब पडणाऱ्यांची ही धाकटी पंढरी. तुकोबा मिरच्या विकायला इकडे यायचे, असं सांगतात. त्या मिरच्यांचं वाटण कोण वाटायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्यांचा राबता. कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली: बाजार पुरुषांचा. भावोजी, नणंदेचे यजमान आणि दोन-तीन चुलत दीर कडक इस्त्रीचे कपडे घालून निघतात, ढीग चिवडतात, एखादा बोंबील वाकवून बघतात, मावशींशी भाव करतात आणि हरतात. (मासळीवालीशी भाव करून जिंकलेला पुरुष माझ्या तरी पाहण्यात नाही.) मग पिशवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकवून गड सर केल्यासारखे ओटीवर बसतात. "वहिनी, माल बघा कसा कडक आणलाय! आता फक्त कालवण टाकायचं."

त्या 'फक्त'मध्ये बोंबलाची मुंडी कात्रीने उडवणं येतं. शेपूट नि पर कापणं, तुकडे तव्यावर शेकणं, गरम पाण्यात टाकणं, कचकच जाईपर्यंत धुणं येतं. जवळा सुपात पाखडून त्यातले शिंपल्यांचे तुकडे नि बारके खेकडे निवडणं येतं. लिंबू चोळलं तरी बोटांचा वास जात नाही तो नाहीच. आणि एकादशीला तर मासळी नाही म्हणून सुटका म्हणावी, तर साबुदाणा, वरी, दाण्याची आमटी, शिवाय 'आम्हाला नाही झेपत उपवास' म्हणणाऱ्यांचा वरणभात वेगळा.

पुरुष रांधतच नाहीत असं म्हटलं तर पाप लागेल. थंडीत वालाला शेंगा धरल्या की शेतावर पोपटी लागते, ती त्यांचीच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, कोंबडी भरायची. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. मग सगळे कमरेवर हात ठेवून जाळाकडे बघतात. एकजण मडक्यावर पाण्याचा हबका मारतो, पाणी चर्रकन उडालं की "झाली!" अशी आरोळी. कोंबडीला मसाला आदल्या रात्री कुणी चोळला, हा प्रश्न त्या धुरात विरतो. मला संशय आहे की पोपटी पुरुषांनी निवडली ती चवीसाठी नाहीच. पाल्यावर वाढायची, पाला टाकून द्यायचा. घासायला भांडं म्हणून उरत नाही!

घरात कोण किती राबतं, याचे 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत आकडे आले. घरकामाला हात लावणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, आणि पुरुष 88. ही 88 सुद्धा जे काही करतात त्यांचीच सरासरी. ओटीवरचे यात धरलेलेच नाहीत. मी हे भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "88 म्हणजे बरीच झाली की!"

वास्तविक ज्याच्या दर्शनाला ही मंडळी रांग लावतात, तो विठोबा जनाबाईबरोबर जात्याला बसला, शेण्या वेचायला गेला, असं संतकथांत आहे. आमच्याकडचे भक्त त्याचं अनुकरण करतात, पण हात कटेवर ठेवण्यापुरतंच.

तर यात्रेला जरूर या. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, पोटभर जेवा. बाप्यांनो, ताट मोरीपर्यंत आणून तिथेच सोडू नका मात्र. घासणी खिडकीत ठेवलेली असते.