कोनशिलेवरची नावे

कोनशिलांबद्दल माझी तक्रार आहे. ती कुणाला क्षुल्लक वाटेल, पण मी ती सोडणार नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी एका चौकाला आदिवासी हुतात्म्याचे नाव दिले आहे. तिथे काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला आहे. हुतात्म्याचे नाव वरच्या एका ओळीत उरकले आहे. खाली ‘यांच्या शुभहस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’, ‘विशेष सहकार्य’ आणि नावांची रांग. कुणाचे ‘मा. ना. श्री.’ राहिलेले नाही की पद राहिलेले नाही. उद्घाटनाची तारीख ठळक आहे. माणूस कधी गेला, कशासाठी गेला, याचा मात्र एक शब्द नाही. मध्यंतरी अक्षरांत सोनेरी रंग पुन्हा भरला, तेव्हा तरी ती ओळ घालता आली असती.

त्याहून जास्त राग येतो तो विशेषणांचा. ‘थोर’, ‘आद्य’, ‘वीर’ कोरायला दगडावर जागा असते, हकिगतीला नसते. उरण तालुक्यातल्या चिरनेरची हकिगत किती मोठी आहे? इंग्रजांच्या जंगल कायद्याने चराईवर आणि लाकूडफाट्यावर बंधने आली. लोकांनी रानात जाऊन कायदा मोडला. २५ सप्टेंबर १९३० रोजी पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होते. एवढे कुठल्याही दगडावर मावते. पण नुसते ‘नाग्या कातकरी’ म्हणून आपण मोकळे होतो. उद्घाटकाच्या वडिलांचे नाव गाळायची आपली छाती होत नाही, मग महादूंचे का गळते?

तसेच राघोजी भांगऱ्यांचे. ते अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी. सावकारी आणि इंग्रजी सत्ता या दोहोंविरुद्ध ते उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, म्हणजे १८५७ च्या उठावाच्या नऊ वर्षे आधी. ही नऊ वर्षे शाळकरी पोराला रस्त्यात उभ्या उभ्या वाचायला मिळाली पाहिजेत.

थोडक्यात लिहिता येते याचा दाखला हवा असेल तर लंडनमध्ये घरांवर तिथे राहिलेल्या नामवंतांच्या स्मरणार्थ पाट्या लावण्याची पद्धत १८६६ पासून आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये जिथे राहिले, त्या घरावरही एक आहे. नाव, जन्म-मृत्यूची साले, ओळख, राहण्याचा काळ, बस. पडदा कुणी सरकवला, हे त्यावर नाही.

आणि मजकूर ठरताना वाडीवर कुणी विचारायला जात नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटते. आजोबांनी सांगितलेले, कुठल्या टेकाडावर काय झाले ते, म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. ती माणसे समारंभाला मागच्या रांगेत बसवली जातात, नाहीतर नाचायला बोलावली जातात.

तुमच्या गावात कोनशिला बसणार असेल तर दगड कोरायच्या आधी ग्रामसभेत मजकूर मोठ्याने वाचायला लावा. वाडी-पाड्यावरच्या माणसांसमोर वाचायला लावा. त्यांनी होकार दिल्याशिवाय छिन्नीला हात लावू देऊ नका, आणि उद्घाटकांची नावे पंचायतीच्या वहीत लिहून ठेवा.