येथे दात मोजून मिळतील

आपल्याकडे दुकानांवर पाट्या असतात. येथे साडीला फॉल लावून मिळेल. येथे हवा भरून मिळेल. जे मिळतं तेच पाटीवर लिहिलेलं असतं, म्हणून त्या पाट्यांवर माझा फार विश्वास. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात ऐन रोवणीच्या दिवसांत मी जो बॅनर पाहिला, त्यावर ‘भव्य मोफत दंतरोग निदान व उपचार शिबिर’ असं होतं. बॅनरवर नऊ मान्यवरांचे फोटो होते आणि नऊपैकी एकाचाही दात दिसत नव्हता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दातांच्या कॉलेजची बस दीडशे किलोमीटरवरून साडेनऊला पोचली. उद्घाटक गावातच राहतात, त्यामुळे ते साडेअकराला आले. फीत कापली, नारळ फुटला, भाषणात ‘तळागाळातला शेवटचा माणूस’ चार वेळा आला. तो शेवटचा माणूस बांधीत चिखलात उभा राहून रोपं लावत होता. समाजमंदिरात आलेली माणसं म्हणजे शाळेतून रांगेने आणलेली पोरं, कामाला न जाणारे म्हातारे, आणि दुखणं अगदीच असह्य झालेले.

त्यातल्याच एक मावशी. उजवा गाल सुजलेला, पदराने धरलेला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवलं, एका इंटर्नने मोबाइलचा टॉर्च धरला, दुसऱ्याने आरसा घालून आकडे पुकारायला सुरुवात केली, तिसरी फॉर्म भरू लागली. ‘‘46 कीड. 47 नाही. 36 कीड.’’ 46 म्हणजे खालची उजवीकडची दाढ. लिलावात बोली चालते तसा आवाज. मोजदाद संपली.

‘‘काढून दे ना बाबू,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘तीन रात्री झाल्या, झोप नाही मले.’’

‘‘मावशी, आज फक्त तपासणी आहे. काढायला कॉलेजात यावं लागेल.’’

‘‘मंग आज तू काय करून राहिला?’’

पोरगं चांगलं होतं. लाजलं. त्याने मावशींना एक गुलाबी कार्ड, टूथपेस्टची छोटी ट्यूब आणि वेदनाशामक गोळ्यांची पट्टी दिली. कार्ड दाखवलं की कॉलेजात केसपेपर मोफत. एसटीचं भाडं, दोन दिवसांची बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च यांबद्दल कार्डावर काही छापलेलं नव्हतं. जागा कमी पडली असावी.

मागे एक पंचविशीतला तरुण होता. त्याला तोंडात तीन बोटं उभी घालायला सांगितली. दीड गेलं. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकमध्ये घोटून करतात तो. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, आणि त्यानंतर गुटखा आणि खर्रा दोन्ही किती दुर्मीळ झालेत ते बघायला कुठल्याही पानठेल्यावर जावं. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठर होत जातं, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे कॅन्सरची भीती. त्यालाही गुलाबी कार्ड मिळालं. समाजमंदिरासमोरच्या ठेल्यावर त्याने ते खिशात घातलं आणि एक खर्रा घेतला.

फिरता दवाखानाही आला होता. व्हॅनमध्ये खुर्ची, लाइट, ड्रिल, सगळं. कॉम्प्रेसर तेवढा बंद. खुर्चीवर मंडळींच्या नाश्त्याचे आलुबोंडे ठेवले होते.

वीज नाही, मशीन नाही, मग गावात दात भरणार कसा, असं मी भाबडेपणाने विचारलं. मावशींना कार्ड देणाऱ्या मुलानेच सांगितलं, की नुसत्या हातातल्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरायची पद्धत आहे. विजेची गरज नाही. 1980च्या दशकात टांझानियाच्या खेड्यांत ती सुरू झाली. ‘‘आम्हाला परीक्षेत येतं ते, सर.’’ त्याने ते उत्तर लिहिलं होतं. हाताने केलं होतं का? गप्प.

इथे एका आजोबांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. मला वाटलं, मोजायलाच काही नाही म्हणजे यांना कोण विचारणार? तर तीन इंटर्नांनी त्यांना घेरलं. अंतिम वर्षाच्या मुलांना पूर्ण कवळीची केस लागते आणि पूर्ण बोळकं शोधून सापडत नाही. आजोबांना परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, राहण्या-जेवणाची सोय झाली. मावशी शेजारी गाल धरून उभ्या होत्या. दुखणारी दाढ असण्यापेक्षा सगळेच दात नसणं किती फायद्याचं, हे त्यांना त्या दिवशी कळलं असेल.

पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. बीडीएसची चार वर्षं आणि मग एक वर्ष इंटर्नशिप. 2007च्या नियमांप्रमाणे त्यातले तीन महिने सामुदायिक दंतचिकित्सेसाठी आणि ग्रामीण सेवेसाठी. तीन महिने! एवढ्या दिवसांत धान रोवून, निंदून लोंबी धरते. आपण या मुलांना रोज नव्या गावात नेतो, बॅनरखाली फोटो काढतो आणि संध्याकाळी हॉस्टेलवर आणून सोडतो. एका गावात दुसऱ्यांदा जायची वेळच येत नाही, त्यामुळे ‘काल काढलेल्या दाढेतून रक्त येतंय’ असं सांगणारा माणूस त्यांना भेटत नाही. दंतवैद्य त्याच माणसाला भेटून तयार होतो.

समाजमंदिरात दाढा उपटाव्यात असं मीही म्हणणार नाही. अवजारं निर्जंतुक करायची कुठे, रात्री रक्त थांबलं नाही तर बघणार कोण, हे प्रश्न खरेच आहेत. पण तालुक्याला ग्रामीण रुग्णालय असतं. तिथे एक चालू खुर्ची, एक ऑटोक्लेव्ह आणि एक शिक्षक ठेवा, आणि मुलांना तीन महिने तिथेच राहू द्या. उद्घाटन नाही केलं तरी चालेल. आणि तेवढं जमत नसेल, तर निदान बॅनरवरचा ‘उपचार’ हा शब्द पुसा.

परवा त्या गावच्या आशा कार्यकर्त्या ताईंचा फोन आला होता. मावशी भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेताहेत. 46 अजून तोंडातच आहे. पुढचं शिबिर दिवाळीनंतर.